सहाव्या वर्षाची दाढ

फोटो स्टुडिओच्या काचेत मुलांचे चौदा फोटो लावलेले होते, आणि दातांची डॉक्टर बाहेर उभी राहून एकेकाचं निदान करत होती.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. दवाखान्यात जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, डबा संपायला दहा मिनिटं. उरलेल्या वेळात ती गल्लीत एक फेरी मारायची. आज ऊन चुकवायला या काचेपाशी थांबली आणि सवयीनं तोंडातून शब्द निघाले.

"अंगठा," ती पहिल्या फोटोकडे बघून पुटपुटली. "हा तोंडानं श्वास घेतो. हा झोपेत दात खातो. ही... ही पडली होती कुठंतरी. वर्ष झालं असेल."

"जिन्यावरून," मागून कोणीतरी म्हणालं. "गेल्या उन्हाळ्यात."

दारात एक माणूस उभा होता. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात भिंग पुसायचं मऊ फडकं. चेहऱ्यावर असा भाव, की बाई वेडी आहे की ज्योतिषी, हे अजून ठरायचंय.

"तुम्ही हात बघता का?" त्यानं विचारलं.

"दात बघते."

"आणि त्यावरून जिना दिसतो?"

"पुढचा एक दात बाकीच्यांपेक्षा काळपट आहे. मार लागल्याशिवाय तसा होत नाही. जिना तुम्ही सांगितलात."

तो पायरी उतरून काचेजवळ आला आणि स्वतःच लावलेले फोटो नव्यानं बघू लागला. "आणि हा अंगठा चोखतो, ते कशावरून?"

"वरचे दात पुढे, खालचे आत. मधे फट. अगदी अंगठ्याच्या मापाची."

"अरेरे," फोटोवाला म्हणाला. "मी त्याला तीन वेळा दटावलं, ओठ मिटून बस म्हणून. तो बिचारा मिटणार कसे?"

त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. डॉक्टरला ते आवडलं. तिनं तशी नोंद घेतली आणि चौदाव्या फोटोकडे बोट दाखवलं. "ही का हसत नाही?"

त्या फोटोत सात-साडेसात वर्षांची एक मुलगी होती. ओठ घट्ट मिटलेले, अळीमिळी गुपचिळी, आणि एक गाल फुगलेला.

"ती आमची खारूताई. माझी भाची. घास गालात धरून बसते, तासन् तास. म्हणून घरात सगळे खारूताई म्हणतात."

"कुठल्या गालात?"

"म्हणजे?"

"दोन्ही गालांत की नेहमी एकाच?"

त्यानं डोळे मिटून आठवलं. "उजव्याच."

"मग तिला डाव्या बाजूला दुखतंय," डॉक्टर म्हणाली. "उद्या शाळेनंतर घेऊन या. समोरच्या इमारतीत, दुसरा मजला."

"अहो, दुधाचे दात आहेत. आज ना उद्या पडणारच आहेत की."

हे वाक्य ती चार महिन्यांपासून रोज सात-आठ वेळा ऐकत होती. "घेऊन या," एवढंच म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

डॉक्टर त्या दवाखान्यात सहा महिन्यांच्या बदलीवर आली होती. दवाखाना ज्यांचा, त्या मोठ्या डॉक्टरांचं मनगट मोडलं होतं. त्या बऱ्या होईपर्यंत मुलांचे दात हिच्या ताब्यात. याआधीही तिनं अशाच जागा धरल्या होत्या. कोणी बाळंतपणाच्या रजेवर, कोणी परदेशी शिकायला, त्यांच्या खुर्च्या हिनं सांभाळायच्या. सहा वर्षांत पाच गावं. लहानपणी वडिलांची नोकरी बदलीची होती, त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्यात तिला काही विशेष वाटत नसे. भाड्याच्या खोलीत तीन खोकी होती, त्यांतली दोन अजून उघडलेली नव्हती. इथं आल्यावर तिनं चहासाठी एकच कप घेतला. दोन घेतले की पाहुणा येतो, आणि पाहुणा यायला लागला की निघताना जड जातं, असा तिचा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी फोटोवाला भाचीला घेऊन आला. काउंटरवर नंबर देणाऱ्या मावशींनी त्याला बाकावर बसवलं. उपचाराच्या खोलीत डॉक्टरला बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"काही करणार नाहीत गं," तो सांगत होता. "नुसते दात मोजणार आणि सोडून देणार."

डॉक्टरनं दार उघडलं. "मामा, जरा आत या. एकटेच."

तो आत आला.

"मोजून झाले आणि मी सुई उचलली, तर ती खोटारडं कुणाला म्हणेल?"

"मला?"

"मला. तुम्ही मामाच राहाल. मी मात्र तिला मामा बनवणारी बाई होईन."

"डॉक्टर, मी दिवसभर हेच करतो," त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. "कॅमेऱ्यातून पाखरू उडेल, असं म्हटल्याशिवाय एक पोरगं समोर बघत नाही."

"उडतं का?"

"...नाही."

"मग?"

"मग फोटो निघतो."

"तुमचं काम एका क्षणात होतं. माझी मुलं सहा महिन्यांनी परत यावी लागतात. त्यामुळे मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगते." ती दाराकडे वळली. "चला मामा, आणा तिला."

तो जागचा हलला नाही. "एक सांगू? तुम्ही... मामा नका म्हणू."

"का? इथं सगळ्यांना नात्यानंच हाक मारतात. मावशीही तुम्हाला मामाच म्हणाल्या."

"मावशींनी म्हटलेलं चालतं," तो म्हणाला आणि आपण काय बोललो हे कळून भिंतीवरच्या जबड्याच्या तक्त्याकडे बघू लागला.

खारूताई खुर्चीवर चढली. तोंड उघडायला तिला पाच मिनिटं लागली. वरचे पुढचे चार दात झिजून तपकिरी खुंट झाले होते, त्यामुळेच तिचे ओठ सदा मिटलेले. रात्री झोपताना गोड दुधाची बाटली, डॉक्टरनं न विचारताच ओळखलं. मुलीची आई बसमध्ये कंडक्टर होती, पाळी पहाटेची. पोर रात्री झोपायलाच हवी, म्हणून दोन वर्षं बाटली चालली. डॉक्टरनं कुणाला दोष दिला नाही. हे चार खरंच पडणारे होते. मग तिनं आरसा मागे नेला आणि तिथं थांबली.

"ही दाढ दुधाची नाही," ती म्हणाली.

"नाही कशी?" फोटोवाला स्टुलावरून म्हणाला. "तिची मागची एकही दाढ अजून पडलेली नाही."

"तीच तर गोम आहे. ही कुणाला पाडून येत नाही. सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागे, रिकाम्या जागेत गुपचूप येते. घरात कुणाला पत्ता लागत नाही. मग ती किडली, तरी घरचे म्हणतात, पडणारच आहे. आणि ती तर जन्मभराची असते."

फोटोवाल्याचा चेहरा उतरला. "आम्ही तिला खारूताई म्हणत हसत होतो," तो म्हणाला.

"आता कळलं ना? वाचवता येईल. पण खोल गेलीय." डॉक्टर मुलीकडे वळली. "माझे दोन नियम आहेत. एक, मी तुला जे होणार तेच सांगणार. दुसरा, दुखलं की तू हात वर करायचास. हात वर आला, की मी हातातलं सगळं खाली ठेवणार आणि विचारणार, कुठे दुखतंय. मग तूही खरं सांगायचंस. कबूल?"

खारूताईनं विचार केला. मग हात वर केला.

डॉक्टरनं आरसा खाली ठेवला. "कुठे दुखतंय?"

"कुठे नाही."

डॉक्टरनं आरसा उचलला. हात वर आला. आरसा खाली. "कुठे दुखतंय?" तिसऱ्यांदाही तसंच झालं. तिन्ही वेळा डॉक्टरनं तितक्याच शांतपणे वस्तू खाली ठेवली आणि तितक्याच शांतपणे विचारलं. चौथ्यांदा हात वर आला नाही. स्टुलावर बसलेला फोटोवाला हे सगळं बघत होता, आणि डॉक्टरच्या लक्षात आलं की तो मुलीकडे बघत नाहीये.

सुई टोचेल, चार आकडे मोजेपर्यंत, असं तिनं सांगितलं आणि ती चार आकडेच टोचली. कीड काढली. नसेच्या अगदी जवळ औषध भरलं आणि वर तात्पुरता लेप लावला.

"आता सात आठवडे थांबायचं," तिनं समजावलं. "खाली दाढ जिवंत राहिली, स्वतःचं नवं कवच धरलं, तर पक्कं भरायचं."

"आणि हे तात्पुरतं... टिकतं?" फोटोवाल्यानं विचारलं.

"जपलं तर टिकतं."

मधल्या दिवसांत यायचं काही कारण नव्हतं. तरी तो आला. ब्रश कसा धरायचा ते विचारायला आला, मग पेस्ट किती घ्यायची ते विचारायला आला. मटाराच्या दाण्याएवढी, असं कळल्यावर दुसऱ्या दिवशी मटाराचा दाणा मोठा की लहान, हे विचारायला आला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मावशींनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. "मामा, तुमच्याच नावानं एक फाइल काढू का?" त्या म्हणाल्या. "रोजचं येणं-जाणं आहे, सोयीचं पडेल."

जेवणाच्या सुट्टीतल्या डॉक्टरच्या फेऱ्याही आता फार लांब जात नव्हत्या. रस्ता ओलांडला की संपायच्या. तो नवे फोटो दाखवायचा, ती निदान सांगायची. थोड्याच दिवसांत तो स्वतःच पालकांना सांगू लागला, याच्या खालच्या ओळीत दातांच्या दोन रांगा दिसतायत, समोरच्या दवाखान्यात दाखवून या.

"बरोबर ओळखलंत," ती एकदा म्हणाली. "दुधाचे पडायच्या आधी नवे मागून आलेत."

"शिकवणारी चांगली आहे."

"शिकणारा निम्मा वेळ दातांकडे बघत नाही."

"तोंडाकडेच बघतो," तो म्हणाला. "त्यात दात आलेच..."

बाहेर पाऊस भुरभुरत होता, छपराच्या कडेवरून एक थेंब सारखा एकाच पायरीवर पडत होता, आणि सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं एक कप विकत घेतला. खोलीवर आल्यावर तिला स्वतःचं आश्चर्य वाटलं. तिनं तो कागदात गुंडाळलेलाच फळीवर ठेवला.

मग पत्र आलं. दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिनं सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. तिथून कायमच्या जागेसाठी बोलावणं होतं. महिनाअखेरपर्यंत होकार टपालात टाकायचा, सोबत फॉर्म भरून चार फोटो जोडायचे. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांचाही फोन आला. मनगट पूर्वीसारखं होणार नाही, मी सकाळचीच बसेन, दुपार तू कायमची सांभाळशील का? ती विचार करते म्हणाली. सहा वर्षांत तिला कधी तळ्यात-मळ्यात करावं लागलं नव्हतं. या वेळी मात्र ती चार दिवस दोन्ही गोष्टी पर्समध्ये घेऊन हिंडली. पाचव्या दिवशी ती फोटो काढायला गेली. एखादा माणूस काही बोलतो का, हे बघायलाही गेली, पण ते तिनं तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

"इथं बघा," फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला. "पाखरू उडेल."

"मला सांगताय?"

"बघा तर."

कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक पत्र्याची डबी बसवलेली होती. त्यानं दोरी ओढली. झाकण फटकन उघडलं आणि स्प्रिंगवर बसवलेलं एक कागदी पाखरू बाहेर येऊन, एक पंख वाकडा करून डुलू लागलं.

"आता खोटं नाही ना?" तो म्हणाला.

डॉक्टर हसली. चांगली खळखळून, दाढांपर्यंत हसली. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

"हा चालायचा नाही," तो मग म्हणाला. "फॉर्मवर दात दिसलेले चालत नाहीत. परत बसा." दुसरा फोटो सरळ आला. "कसला फॉर्म आहे?"

तिनं सांगितलं. शहराचं अंतर सांगितलं, जागा कायमची आहे हेही सांगितलं. मोठ्या डॉक्टरांच्या फोनचं सांगितलं नाही. ते त्यानं विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं.

तो बराच वेळ भिंग पुसत राहिला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "कायमची नोकरी म्हणजे..."

"हो."

"इथलं काय, तात्पुरतंच होतं."

"हो."

ती थांबली. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मॅट हवेत की चकचकीत?" त्यानं विचारलं.

"मॅट," डॉक्टर म्हणाली.

त्या दिवसापासून त्याची दातखिळीच बसली. ब्रशबद्दलच्या शंका संपल्या. ती काचेसमोरून गेली तर तो आतून मान हलवायचा, इतकंच. तो मनाशी काय म्हणत असेल ते तिला नीट ठाऊक होतं: जाणारच आहे, मग कशाला. तिला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. कप फळीवर कागदातच होता. तिनं फॉर्म भरला, होकाराचं पत्र लिहिलं, फोटो चिकटवले आणि पाकीट बंद केलं.

सात आठवडे पुरे झाले तो महिन्याचा शेवटचा दिवस होता, आणि डॉक्टरचाही दवाखान्यातला शेवटचा. पाकीट काउंटरवर मावशींच्या हाताशी ठेवलेलं होतं. टपाल पाचला जायचं. साडेचारला खारूताई आली, बरोबर मामा. तो खोलीत येऊन स्टुलावर बसला. नमस्कार म्हणाला, तेवढंच.

खारूताई आता सराईतासारखी खुर्चीत आडवी झाली. "डॉक्टरताई, पुढच्या वेळी तू किती वाजता असशील?"

"पुढच्या वेळी मी नसेन. मोठ्या डॉक्टर असतील. त्यापण चांगल्या आहेत."

"तू कुठे चाललीस?"

"दुसऱ्या गावाला."

"तुला जायचंय?"

डॉक्टरनं हातमोजे ओढले. या खोलीत मुलांनी तिला हजार प्रश्न विचारले होते, त्यांतल्या एकालाही तिनं बगल दिली नव्हती. "आ कर," ती म्हणाली.

खारूताईनं आ केला, पण डोळे बारीक करून. उत्तर मिळालेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तात्पुरता लेप निघाला. डॉक्टरनं आतला भाग हळूच टोकरून पाहिला. दाढ टणक लागली. आत जीव होता, तिनं आपलं आपण नवं कवच धरलं होतं. डॉक्टरला इतका आनंद झाला, की डोळे भरून येतील की काय अशी तिला भीती वाटली. दाढेवर डोळे भरून येणं बरं दिसलं नसतं. तिनं गालाशी कापसाच्या सुरळ्या लावल्या.

"आता बोलायचं नाही. दाढ कोरडी राहायला हवी."

खारूताईनं खुणेनं विचारलं, मग तू बोल.

"काय बोलू? दाढेचं सांगू?"

मान हलली.

"ही दाढ फार शहाणी आहे," डॉक्टर काम करता करता सांगू लागली. "ही आली तेव्हा तिनं कुणाला धक्का दिला नाही. कुणाची जागा घेतली नाही. मागं जागा रिकामी होती, तिथं येऊन उभी राहिली. आवाज नाही, काही नाही. म्हणून कुणाला कळलंच नाही, ही आलीय. ज्यांना दिसली त्यांना वाटलं... त्यांना वाटलं, हीपण जाणारीच. म्हणून कुणी तिला काही..."

तिचा आवाज मधेच बारीक झाला. तिनं लेप घोटायची पट्टी उचलली. तेवढ्यात तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी दिसलं.

स्टुलावर बसलेल्या फोटोवाल्यानं हात वर केला होता. शाळेत करतात तसा, सरळ. चेहरा पांढरा पडला होता.

डॉक्टरनं पट्टी ट्रेमध्ये ठेवली. हातातला आरसाही ठेवला. नियम म्हणजे नियम.

"कुठे दुखतंय?" तिनं विचारलं.

"तो एक फोटो आहे," तो म्हणाला. "तुमचा. फॉर्मवर चालला नसता तो. रोज सकाळी तुम्हाला द्यायचा म्हणून पाकिटात घालतो. रोज संध्याकाळी काढून ठेवतो."

"कधीपासून होतंय हे?"

"फोटो तीन आठवड्यांपासून. बाकीचं... तुम्ही काचेसमोर उभ्या होतात, तेव्हापासून."

"इतके दिवस अंगावर का काढलंत?"

"वाटलं, आपोआप जाईल."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. "आणि मग शेवटच्या दिवशी येतात."

"उशीर झालाय का?"

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते. "खोल गेलंय," ती म्हणाली.

"आणि तुम्हाला?" त्यानं विचारलं. "तुम्हाला काहीच...?"

"अहो, मी दुसरा कप घेऊन ठेवलाय," ती म्हणाली. "कधीचा."

"कसला कप?"

"सांगेन."

तो 'सांगेन' ऐकून हात खाली घ्यायचं विसरला. मोठ्या डॉक्टरांच्या फोनचं तिनं आता सांगितलं, दुपारच्या कायमच्या जागेचं, जिला तिनं अजून हो-नाही कळवलं नव्हतं. दार लोटून मावशींनी डोकं आत घातलं. त्या बराच वेळ दाराबाहेर होत्या हे उघड होतं.

"टपालवाला आलाय," त्या म्हणाल्या. "पाकीट देऊ का?"

डॉक्टरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच खुर्चीतून एक हात वर आला. मग दुसराही आला. दोन्ही हात छताकडे ताठ.

डॉक्टर गर्रकन वळली. "कुठे दुखतंय?"

खारूताईनं एक सुरळी बोटांनी धरून बाहेर काढली. "कुठेच नाही. पण तुम्ही दोघं मला विसरलात." ती कोपरावर टेकून बसली आणि मघाचा प्रश्न तिनं परत जसाच्या तसा समोर ठेवला. "तुला जायचंय का? खरं सांगायचं असतं."

खोलीत मावशी होत्या, मामा होता, खालच्या रस्त्यावर टपालाची गाडी घरघर करत उभी होती. डॉक्टरनं खुर्चीजवळ येऊन मुलीच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग जाणार आहेस?"

"नाही."

मावशींचं डोकं दारातून नाहीसं झालं. फोटोवाला स्टुलावरून उठला होता, आणि आपण नक्की काय ऐकलं याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. त्यानं डॉक्टरकडे बघितलं, मग भाचीकडे.

"खरंच म्हणाली, मामा," खारूताईनं त्याला समजावलं. "ती मुलांशी खोटं बोलत नाही."

मग तिनं सुरळी डॉक्टरच्या हातात दिली, उशीवर डोकं टेकलं आणि मोठा आ केला. अजून दाढ भरायची राहिली होती.